घोट्यावरचा सूर

पेणला माणसं गणपती आणायला जातात, पोह्याचे पापड आणायला जातात, नाहीतर अलिबागला जाताना पाय मोकळे करायला उतरतात. मी आणि मालती, माझी बायको, मिरजेहून तिथे गेलो ते माझ्या डाव्या पायासाठी. त्या उन्हाळ्यात कोकण रेल्वे रोह्याच्या पुढे कुठवर धावायला लागली, याच्याच गप्पा गाडीत सगळीकडे चालल्या होत्या. माझं त्यात लक्ष नव्हतं. मी सारखा चप्पल काढून पाय बघत होतो आणि मालती दर वेळी म्हणत होती, "बघून काय होणार आहे?"

आधी पायाचं सांगतो, म्हणजे मी एवढा हट्ट का केला ते कळेल. मी तंबोरे करतो. भोपळा तासायला घेतला की तो दोन्ही पावलांत धरून बसावं लागतं. हात पटाशीवर, पाय भोपळ्यावर. असा जन्म गेला. त्या वर्षी संक्रांतीपासून भोपळा डाव्या पावलातून निसटायला लागला. मी भोपळ्याला नावं ठेवली, मग भोपळे आणणाऱ्याला ठेवली. मग एका सकाळी आंघोळीच्या वेळी करंगळीच्या कडेला काळा डाग दिसला. साखर मला होतीच. आमच्या डॉक्टरांनी रिपोर्ट पाहून इन्सुलिन सांगितलं, सर्जनकडे पाय दाखवायला सांगितला आणि वर म्हणाले, करंगळी जाईलसं दिसतंय, उशीर केलात तर पाऊलही जाईल. पाऊल गेलं तर भोपळा कशात धरू, हे मी त्यांना विचारलं. त्यांना प्रश्नच कळला नाही.

मिरजेत दवाखान्यांना तोटा नाही. गल्लीच्या तोंडाला उभं राहून खडा मारला तर सर्जनलाच लागायचा. मी मात्र घाट उतरून कोकणात निघालो, कारण माझा साडू दिगंबर. तो पेणला राहतो आणि धाटावच्या एका केमिकल कंपनीत शिफ्टमध्ये काम करतो. एका लग्नात त्याने मला बाजूला घेतलं आणि सांगितलं की रोह्यात एक सर आहेत, ते स्वरांनी आणि स्फटिकांनी माणसं बरी करतात, आपल्या कंपनीतली अर्धी माणसं त्यांच्याकडे जातात. "दादा, तुमच्याच लाइनीतलं आहे," तो म्हणाला. त्याने भस्म, अंगारा, खड्याची अंगठी असलं काही काढलं असतं तर मी त्याला पंगतीतून उठवलं असतं. पण स्वर म्हटल्यावर मी गप्प झालो. मालतीने अट घातली की तोवर गोळ्या चुकवायच्या नाहीत आणि तिथून परत आलं की इन्सुलिन आणि सर्जन, दोन्ही. मी हो म्हणालो. तेव्हा काहीही कबूल केलं असतं.

पेण, रामवाडी

दिगंबरचं घर हायवेपासून जवळ, रामवाडीत. मालतीची धाकटी बहीण शैला दारातच पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. "भावोजी, बारीक झालात," असं म्हणून तिने माझ्या पायाकडे बघितलं आणि पटकन मान वळवली. मला ते आवडलं नाही.

हवा अशी की अंगावरचा सदरा अंगावरच भिजतो. आमच्याकडे उन्हाळा भाजतो, इथे शिजवतो. जेवायला तांदळाची भाकरी, कडव्या वालाचं बिरडं आणि भाजलेली सुकट. आमच्या ज्वारीच्या भाकरीला दाताखाली जोर लागतो, ही तोंडात घालावी तर विरघळते, त्यामुळे किती खाल्ली याचा अंदाजच लागत नाही. मालतीने माझ्या पानातली तिसरी भाकरी उचलून ठेवली. बिरड्याला आमच्यासारखं तिखट नव्हतं, पण वालांचा तो किंचित कडवट वास मला अजून आठवतो. जेवण झाल्यावर तिने माझ्या हातावर गोळी ठेवली आणि मी ती गिळेपर्यंत तिथेच उभी राहिली.

जवळच्या कारखान्यात गणपती सुकत घातले होते, रंग न दिलेले, पांढरे. दिगंबर दाखवायला घेऊन गेला. पण माझं लक्ष कारागिरांच्या पायांकडे. एक माणूस छोटी मूर्ती पावलांत धरून तिची सोंड घासत बसला होता. मला तिथे थांबवेना.

रोहा

सकाळच्या गाडीने दिगंबर, मालती आणि मी रोह्याला गेलो. वारा फिरला की धाटावचा वास गावापर्यंत येतो, कधी आंबट, कधी जळका. दिगंबरला तो येतच नाही. मी विचारलं तर म्हणाला, कसला वास?

सरांचं घर कुंडलिका नदीच्या अंगाला, बसकं, कौलारू. ओसरीवर माणसं बसलेली. कुणाच्या मनगटाला, कुणाच्या गुडघ्याला सुताने स्फटिक बांधलेला. फुप्फुसं खराब झालेला एक ऑपरेटर सांगत होता की त्याला आता जिना चढता येतो. दुसऱ्या एका म्हातारबाबांनी मला बजावलं, गोळ्या घेतल्यात तर सरांच्या मशीनचा काटा फिरत नाही, खरा रोग दिसत नाही. मालतीने ते ऐकलं आणि पर्स मांडीवर घट्ट धरली.

सर म्हणजे साधा माणूस, बुशशर्ट, जाड चष्मा. पूर्वी कंपनीत इन्स्ट्रुमेंटची कामं करायचे. टेबलावर त्यांनीच केलेली पेटी होती, दोन बटणं, एक दिवा आणि एक काटा. पेटीची माझ्यावर काही छाप पडली नाही, असल्या पेट्या आमच्या रेडिओवाल्याकडेही मिळतील. मग त्यांनी मखमलीची गुंडाळी सोडली. आत स्टीलचे चिमटे, दोन पायांचे, शाळेच्या प्रयोगशाळेतल्या नादकाट्यांसारखे. एक चिमटा त्यांनी तळहाताच्या मनगटाकडच्या कडेवर आपटला.

काय नाद निघाला म्हणून सांगू. बाजाच्या पेटीतल्या पांढरी एकचा खर्ज, केसभर उतरलेला, पण इतका स्वच्छ की त्यात दुसरं काही मिसळलेलंच नाही. आम्ही जवारी लावताना दिवसच्या दिवस तारेखालची घोडी घासतो, तेव्हा कुठे तारेतली घाण जाते. इथे लोखंडाचा तुकडा नुसता आपटला आणि सूर हजर. त्यांनी दुसरा, तिसरा वाजवला. एकही खोटा नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आमच्या धंद्यातल्या माणसाला माणूस ओळखायची दुसरी रीत माहीत नाही. ज्याचा सूर खरा तो माणूस मला खरा वाटतो, आणि तसं मी मनातल्या मनात तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

सरांनी मोठा चिमटा वाजवून त्याचा दांडा माझ्या मनगटाच्या हाडावर टेकवला. "येतंय?" येतंय, मी म्हणालो. गुडघ्यावर. येतंय. मग ते खाली वाकले आणि डाव्या घोट्यावर टेकवला. मी डोळे मिटले. तो खर्ज माझ्या अंगभर भरला होता.

"येतंय," मी म्हणालो. "अगदी शेवटपर्यंत येतंय. आता विरला."

सर खूश झाले. म्हणाले की हा नाद घोट्यावर ज्याला लागत नाही त्याला मी घेत नाही, त्याला सरळ हॉस्पिटलला पाठवतो, कारण त्याच्या पायात काही उरलेलं नसतं. तुमच्या पायात आहे. तुमचं काम होणार. मी मालतीकडे वळून बघितलं. परीक्षेत पास झालेल्या पोराने बघावं तसं. तिचा चेहरा होता तसाच होता.

मग पेटीचा काटा फिरला, मला पायाशी एक तार बांधून बसवलं, आणि शेवटी लिंबाएवढा एक स्फटिक मिळाला. तो घोट्याला बांधायचा. रोगाची घाण तो ओढून घेतो, म्हणून पहिल्याच दिवसानंतर तो मिठात धुवायचा. दुकानातलं मीठ चालत नाही. आगरातलं, अजून उचललेलं नाही असं, वरच्या पाण्यासकट. पेणच्या लोकांना काय, खाडीकडे गेलं की मिठागरं.

पुन्हा रामवाडी

रात्री बरं वाटलं. खरंच वाटलं, उगाच खोटं कशाला बोलू. पाय हलका झाला, स्फटिकाचा गारवा लागतोय असंसुद्धा मी शैलाला सांगितलं. आणि त्या म्हातारबाबांचं काट्याचं बोलणं डोक्यात घोळत होतं. सरांनी गोळ्यांबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं, पण मालतीने दिलेली गोळी मी जिभेखाली धरली आणि परसात जाऊन तुळशीच्या कुंडीत बोटाने दाबली. सकाळीही तेच केलं.

शैला तुळशीला पाणी घालायला गेली आणि माती खचून दोन्ही गोळ्या वर आल्या. तिने मालतीला हाक मारली. दोघी बहिणी कुंडीपाशी उभ्या राहिल्या. मी ओसरीवर पेपर वाचत होतो, म्हणजे पेपर धरून बसलो होतो. आता ही ओरडेल म्हणून मी वाट बघत राहिलो. ती आली, चप्पल घातली आणि म्हणाली, "चला, मिठागरावर मीपण येते."

तिचं ते न ओरडणं मला फार जड गेलं.

मिठागर

दिगंबरची दुसरी शिफ्ट होती, त्यामुळे त्याला सकाळ मोकळी होती. त्याच्या ओळखीचं एक आगरी कुटुंब खाडीच्या कडेला मीठ पिकवतं. काशिनाथ आणि त्याची बायको सोनाबाई. मी आयुष्यात पहिल्यांदा मिठागर बघत होतो. बांध घालून केलेले उथळ चौकोन, त्यात हातभरही नाही असं पाणी, आणि पाण्याखाली पांढरी साय धरलेली. काशिनाथ लांब दांड्याच्या फळीने मीठ कडेला ओढत होता. ओढताना बारीक खर्रखर्र आवाज येत होता. उन्हात डोळे उघडवत नव्हते. आम्ही घरी आमटीलाही मीठ चिमटीने मोजून घालतो, आणि इथे त्यांची पोरं त्याच्या ढिगावर बसून खाऊ खात होती.

मी बांधावरून खाली उतरणार, तोच सोनाबाईने हात वर केला. "दादा, चपला हिकडंच काडा. आगरात चपला घालून नाय उतरायचं."

ही तिथली रीत. ती जमीन पावसाळ्यानंतर पायांनी तुडवून तुडवून घट्ट करतात, चपलेने ती उखडते आणि मिठात माती येते. शिवाय पिकलेल्या मिठावर चप्पल घालून जाणं त्यांना बरं वाटत नाही, आपल्याकडे खळ्यावर कुणी चप्पल घालून जात नाही तसंच. मी मुकाट्याने चपला काढल्या. मालती म्हणाली, अहो, नको. मी म्हणालो, त्यांची रीत आहे. आणि मनात म्हणालो, माझ्या पायात नाद येतोय, सरांनी सांगितलंय.

बांधाच्या कडेला दगड लावले होते, त्यांवर कालवं धरलेली, शिंपल्यांसकट दगडाला चिकटलेली. त्यांवर पाय देत मी खाली उतरलो, कडेला ओढलेल्या मिठावरून चार पावलं चाललो, घोट्याचा स्फटिक सोडला आणि सरांनी सांगितलं होतं तसा पाण्यात धरून बसलो. मिठाचे दाणे तळव्याखाली चुरचुरत होते. त्यांचा आवाज मला छान ऐकू येत होता. मनात आलं, घरी गेल्यावर हे सांगायला हवं. एवढ्यात सोनाबाई माझ्याशी न बोलता मालतीकडे बघून म्हणाली, "गो ताय, बघ तरी. दादांच्या पायातनं रगात जातंय."

मी मागे बघितलं. मी आलो होतो त्या वाटेने पांढऱ्या मिठावर लाल पावलं उमटलेली. एकाच पायाची. उजव्याची जागा पांढरीच्या पांढरी.

मी पाय उचलून बघितला. तळव्याला कालवाच्या शिंपीने लांब चिरलं होतं, करंगळीच्या डागापर्यंत, आणि त्या फटीत मीठ भरलं होतं. ओलं, जाड मीठ.

सोनाबाई जवळ आली. ती घाबरली होती. "आमचा जलम मिठात गेला," ती म्हणाली, "तरी भेगंला मीठ लागलं तं डोळ्याला पाणी येतं. तुमाला झोंबत नाय, दादा?"

मी थांबलो. आता झोंबेल म्हणून वाट बघितली. जीव एकवटून त्या पायाकडे लक्ष दिलं. काशिनाथने फळी ओढायची थांबवली होती, त्यामुळे मघाशी तळव्याखाली लागत होती ती चुरचुरही बंद झाली; ती त्याच्या फळीची होती. पाय माझा होता आणि तो तिथे नव्हता.

तिथेच, मिठात उभं असताना, मला घोट्यावरच्या चिमट्याचं कळलं. आमच्याकडे ऐकणं आणि अंगाला जाणवणं वेगळं ठेवलेलंच नसतं. तंबोऱ्याला गाल लावून आम्ही वाढलो. सरांनी विचारलं येतंय का, आणि मी खर्ज ऐकून हो म्हणालो. विरेपर्यंत ऐकला आणि विरला म्हणून सांगितलं. घोट्याला विचारलंच नव्हतं. मी बांधावर बसलो. मला फार भीती वाटली, लहानपणी विहिरीत वाकून बघताना वाटायची तशी.

सोनाबाईने गोड्या पाण्याने पाय धुतला आणि स्वतःच्या पदराची पट्टी फाडू लागली. मालतीने तिचा हात धरला आणि आपला रुमाल बांधला. स्फटिक पाण्यातच राहिला.

रोहा, दुसऱ्यांदा

दिगंबर म्हणाला, आधी पेणात डॉक्टरला दाखवू. दाखवलं. डॉक्टरांनी धुऊन इंजेक्शन दिलं आणि करंगळी बघून विचारलं, ही केव्हापासून काळी आहे? मालतीने सांगितलं. ते म्हणाले, आज निघा, उद्याची वाट बघू नका.

परतीची गाडी धरायची सोडून मी रोह्याला जायचं म्हणालो. मालती पहिल्यांदा भडकली. तुम्हाला पाय नको असेल तर तसं सांगा, म्हणाली. मी म्हणालो, एकदाच. पायात काही उरलं नाही, हे मला कुणाकडून तरी ऐकायचं होतं, आणि त्या माणसाकडूनच. आता विचार केला तर तो शुद्ध वेडेपणा होता. पाऊल सुजायला लागलं होतं, चप्पल बसत नव्हती. दिगंबरने शिफ्ट बुडवली, एक जीप ठरवली आणि आम्ही गेलो.

ओसरीवर तीच माणसं. सरांनी पट्टी बघितली आणि म्हणाले, स्फटिकाने घाण बाहेर काढली असेल. मी म्हणालो, चिमटा आणा. मी कानांत कापूस कोंबला, वर दिगंबरला दोन्ही तळहात दाबून धरायला सांगितलं. सरांनी मोठा चिमटा आपटलेला मला दिसला. आधी गुडघ्यावर टेकवला. तिथे थरथर आली, कान बंद असूनही आली, हाडात मुंगीसारखी. मग घोट्यावर. मी सरांच्या तोंडाकडे बघत राहिलो. त्यांचे ओठ हलले. मी नाही म्हणून मान हलवली. त्यांनी पुन्हा आपटला, जोराने, पुन्हा टेकवला. मी पुन्हा मान हलवली.

मग त्यांनी तो मालतीच्या घोट्यावर ठेवला. ती दचकली आणि पाय मागे घेतला.

दिगंबरने हात काढले तेव्हा मालती सरांशी बोलत होती. आवाज चढलेला नव्हता. "सर, सूर लावून पोट भरणारा माणूस आहे हा. त्याच्या कानासमोर वाजवून तुम्ही विचारलंत, येतंय का?"

सरांनी चिमटा मखमलीत ठेवला, परत काढला. मग ओसरीकडे बघितलं. तिथे बसलेल्यांपैकी कितीजणांनी असंच ऐकून हो म्हटलं असेल, हे बहुतेक त्यांच्याही मनात आलं असावं. त्यांनी मला एवढंच सांगितलं की मी तुम्हाला घेत नाही, लगेच निघा. पेटीचा दिवा त्यांनी बंद केला होता. आम्ही जीपमध्ये बसेपर्यंत ते दारात उभे होते. मला त्यांचा राग यायला हवा होता. आला तो माझ्या कानांचा.

मिरज

करंगळी गेली. सर्जन म्हणाले, आणखी एक दिवस मिठाबिठात घालवला असतात तर बोलणंच वेगळं झालं असतं. पाऊल राहिलं. भोपळा आता मी पोटाशी पट्टा बांधून धरतो. तंबोरा होतो, पण वेळ लागतो, आणि शेजारचे कारागीर बघून हसतात. हसू देत.

दिवाळीत शैला आली तेव्हा तिने कागदात गुंडाळून तो स्फटिक आणला. सोनाबाईने पाठवला होता. पाण्यात राहून त्याच्यावर मिठाचे चौकोनी दाणे चढले होते, खालचा दगड दिसतच नव्हता. माझ्या कामाच्या खिडकीत ठेवलाय. मालतीला तो आवडत नाही. हवा दमट झाली की त्याला पाणी सुटतं आणि माझ्या हत्यारांवर गंज येतो, असं तिचं म्हणणं. खरंही आहे.

सर्जनकडे पुढच्या तपासणीला गेलो, तेव्हा त्यांनी कपाटातून एक स्टीलचा चिमटा काढला. मी बसल्या जागी ताठ झालो. त्यांनी आपटला. पांढरी एकचा खर्ज, केसभर उतरलेला. रोह्याचा तोच.

"डोळे मिटा," डॉक्टर म्हणाले.

"डोळे राहू देत," मी म्हणालो. मालतीने तोवर पर्समधून कापूस काढला होता. तिने माझ्या दोन्ही कानांत बोळे घातले आणि वरून हात दाबून धरले. डॉक्टर आधी हसले, मग हसायचे थांबले आणि चिमटा घोट्यावर टेकवला. मी कशाचीही घाई केली नाही. घोट्याला विचारलं. डॉक्टरांचे ओठ हलले, काय विचारलं ते कळलं.

"नाही," मी म्हणालो. बहुतेक फार मोठ्याने म्हणालो, कारण बाहेरच्या बाकावरची माणसं उठून दारातून आत बघायला लागली.